पाहुणा बैल, घरची दान

भंडारा जिल्हा म्हटला की पुण्या-मुंबईच्या माणसाच्या डोळ्यांपुढे फारसे काही उभे राहत नाही. हावड्याच्या वाटेवरची आगगाडी नागपूर सोडल्यावर थोड्याच वेळात 'भंडारा रोड' नावाच्या स्टेशनावरून पुढे निघून जाते; शाळेच्या भूगोलातले तांदूळ, पितळ आणि मँगनीज हे तीन शब्द आठवतात; आणि परिचय तेथेच संपतो. तेथे जाऊन पाहायचे काय, असे कोणी विचारले तर सांगणाराही गोंधळतो. ना समुद्र, ना थंड हवेचे ठिकाण. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाल्यापासून नकाशावरचा आकारही आटोपशीर झाला आहे. तरीही माझे सांगणे असे आहे, की पौषाच्या थंडीत एकदा नागपूरहून पूर्वेकडच्या हमरस्त्याला लागावे, भंडाऱ्याजवळ वैनगंगा ओलांडावी आणि लाखनी-साकोलीच्या अंगाला चार दिवस मुक्काम ठोकावा.

या मुलखाला झाडीपट्टी म्हणतात. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बांध्याच बांध्या. बांधी म्हणजे आपल्याकडचे भातखाचर; तिच्या बांधाला येथे धुरा म्हणतात. शेतातल्या पिकाला भात म्हणालात तर लोक हसतात. शेतात असतो तो धान, भात ताटात! लावणीला म्हणायचे रोवणी आणि पेंढ्याला तणस. दर गावाला एखादा तलाव आणि त्याच्या जोडीला लहानमोठ्या बोड्या. यांतले पुष्कळ तलाव शेकडो वर्षांपूर्वी कोहळी समाजातल्या जाणकार मंडळींनी बांधून काढले आणि पुढे मालगुजारांच्या नावाने ओळखले जाऊ लागले. पाळीवर उभे राहिले की एका बाजूला कमळांनी भरलेले पाणी आणि दुसऱ्या बाजूला पायऱ्यांसारख्या उतरत गेलेल्या बांध्या दिसतात. हे दृश्य कोकणच्या माणसालाही क्षणभर चकवील.

पौषापर्यंत धान कापून, चुरून घरात आलेला असतो. बांध्यांतून लाखोळी हिरवीगार पसरलेली असते. हाताला काम थोडे आणि कनवटीला चार पैसे, असा वर्षातला हा एकुलता एक काळ. दिवाळीनंतर मंडया सुरू होतात, आणि संक्रांतीच्या सुमारास शंकरपटाचे दिवस येतात. शंकरपट म्हणजे बैलजोड्यांची शर्यत. पण नुसते शर्यत म्हटल्याने त्यातले निम्मे राहून जाते. दिवसा पट आणि रात्री नाटक, हा झाडीपट्टीचा नेम आहे. पटाला लेकी माहेरी येतात, जावयांची सरबराई होते, आणि मुलगी दाखवण्याचे अर्धे कार्यक्रम पटाच्या गर्दीतच उरकतात. 'आमच्या घरी पटाला या' या निमंत्रणात काय काय दडलेले आहे, हे उपवर मुलांच्या आईबापांना बरोबर कळते.

जेथे जोड्या पळतात त्या धावपट्टीला दान म्हणतात. नांगरून, ढेकळे फोडून, पाणी शिंपून ती तयार करतात. शेजारी शेजारी दोन दानी असतात आणि दोन जोड्या एकदम सुटतात. मागे चाकांवर जेमतेम तग धरणारा हलका छकडा, आणि त्यावर उभा धुरकरी. वेळ सेकंदांत मोजतात, आणि सेकंदाच्या बारीक तुकड्यांवरून गावागावांत वर्षभर वाद चालतो.

मध्यंतरी हे सारे बंद होते. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जल्लिकट्टूबरोबरच बैलगाड्यांच्या शर्यतींनाही मनाई केली. शेपट्या पिरगाळणे, खिळे टोचणे, दारू पाजणे असले प्रकार देशात ठिकठिकाणी होत, हे नाकारण्यात अर्थ नाही. न्यायालयापुढे ते सगळे आले होते. महाराष्ट्राने २०१७ साली कायदा दुरुस्त केला, पण मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षी परवानगीला अटकाव केला. १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अटी घालून वाट मोकळी केली, आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने राज्याचा कायदा मान्य केला. आता जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, पशुवैद्य बैल तपासतो आणि चाबूक-तुतारीला बंदी आहे. शर्यत बंद असलेल्या त्या साडेसात वर्षांचा हिशोब मात्र गोठ्यात जाऊन विचारावा लागतो.

आमचे साडू मूळचे या भागातले. त्यांच्या आग्रहावरून २०२४ च्या जानेवारीत आम्ही उभयता साकोली आणि लाखांदूर यांच्या मधल्या एका खेड्यात त्यांच्या मामांकडे उतरलो. साडूंचे मामा ते माझेही मामाजी. सत्तरी ओलांडलेले, अंगाने काटक, बोलणे थोडके. पाच एकर धानाची शेती, दोन गाई आणि घरच्याच गाईंच्या पोटची एक बैलजोडी. लाल्या आणि कबऱ्या. बंदीच्या काळात गावातल्या बहुतेकांनी पटाचे बैल मिळेल त्या भावाला काढून टाकले. मामाजींनी मात्र पट नसतानाही गाईंची पैदास चालू ठेवली. लाल्या-कबऱ्या जन्मले तेव्हा पट पुन्हा भरेल याची कोणालाच खात्री नव्हती.

आम्ही पोहोचलो तेव्हा घरात एक तिढा पडलेला होता. शेजारच्या एका सधन शेतकऱ्याने बालाघाटच्या बाजूने एक पांढरीशुभ्र जोडी विकत आणली होती आणि ती जोडी मागच्या दोन पटांत पहिली आली होती. मामाजींच्या चिरंजीवांच्या मनाने घेतले, की आपणही तशीच जोडी आणायची. त्यासाठी घरची जोडी विकायची, धानाचे चुकारे त्यात घालायचे, आणि कमी पडतील ते पैसे उसने काढायचे. व्यापारीही ठरला होता. पटाच्या दुसऱ्या दिवशी तो येणार होता. मामाजी हो म्हणत नव्हते आणि नाहीही म्हणत नव्हते. मामी मला हळूच म्हणाल्या, "पाव्हणे, तुम्हीच काही सांगा जी. बापलेक चार दिवसांपासून एका पंगतीला बसले नाहीत."

बैलातले मला काय कळणार? पण दोन्ही जोड्या पाहून आलो. पांढरी जोडी होती गवळाऊ जातीची. वर्धा, नागपूर, छिंदवाडा, शिवनी, बालाघाट हा या जातीचा मुलूख. लांबोडके तोंड, सडपातळ उंच पाय, आणि चालीत एक प्रकारचा तोरा. मराठ्यांच्या फौजांना डोंगराळ भागातून भरभर सामान हलवायला असले चपळ बैल लागत, आणि त्यातूनच ही जात घडत गेली, असे जाणकार सांगतात. लाल्या-कबऱ्या त्यांच्यापुढे धाकट्या भावांसारखे दिसत. ठेंगणे, आटोपशीर, घट्ट खुरांचे. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया आणि भंडारा या धानाच्या पट्ट्यातली ही गावरान जात. तिला कठाणी हे नाव गडचिरोलीकडच्या कठाणी नदीवरून मिळाले, आणि अलीकडेच कर्नालच्या राष्ट्रीय संस्थेने देशातल्या नोंदलेल्या जातींत तिचा समावेश केला. कागदावर नाव चढायला इतका काळ लागला. चिखलात मात्र ती पिढ्यान् पिढ्या राबते आहे.

पटाचा दिवस उजाडला. धुके फिटण्याआधीच चारी वाटांनी माणसे येऊ लागली. भज्यांच्या कढया, जिलेबीची दुकाने, फुगे, बांगड्या, आणि एका बाजूला रात्रीच्या नाटकाचा मंडप. ध्वनिक्षेपकावरून बोलणारा गृहस्थ बैलांची, मालकांची आणि पाहुण्यांची नावे एकाच दमात घेत होता. एका मावशींनी आमच्या सौ.ना धुऱ्यावर सतरंजीवर जागा करून दिली आणि तुमच्या पुण्यात पट असतो का, म्हणून विचारले. घोड्यांचा असतो, पण तेथे बायका सतरंज्या घेऊन जात नाहीत, असे आमच्या सौ.नी सांगताच त्यांना पुण्याची दया आली.

दुपारी लाल्या-कबऱ्यांची पाळी आली, आणि योग असा, की शेजारच्या दानीवर तीच पांढरी जोडी. छकड्यावर चिरंजीव स्वतः उभे. मामाजी गर्दीत आलेच नाहीत. दानीच्या शेवटाला एका पळसाखाली एकटे जाऊन बसले. झेंडी पडली. पहिल्या चाळीस-पन्नास पावलांत घरची जोडी पुढे होती, ती चांगली छकडाभर! लोक उठून उभे राहिले. मग पांढऱ्यांनी पाय लांबवले. मला तर वाटले, की ते अधिक जोराने पळत नसून त्यांचे एकेक पाऊलच मोठे झाले आहे. शेवटच्या टप्प्यात त्यांनी गाठले आणि दानीच्या टोकाला ते निघून गेले. फरक एका सेकंदाच्याही आतला. पण फरक तो फरकच. मामाजी उठले, बैलांच्या तोंडावरून हात फिरवला, त्यांना पाणी दाखवले आणि कोणाशी न बोलता जोडी घरी घेऊन गेले.

रात्री सगळे नाटकाला गेले. ओसरीत शेकोटीपाशी मामाजी, चिरंजीव, साडू आणि मी एवढेच उरलो. चिरंजीवांनी विषय काढलाच. "काकाजी, तुम्ही तर अमेरिकेच्या शर्यती पाहून आलात म्हणे. तिकडे बाहेरचा जनावर जिंकते का घरचा?"

हा प्रश्न नेमका मलाच विचारला जावा, याचे नवल वाटले. माझा पुतण्या अमेरिकेत केंटकी राज्यातल्या लेक्सिंग्टन गावी नोकरीला आहे. २०२२ च्या नोव्हेंबरात आम्ही त्याच्याकडे असताना, तेथल्या कीनलँडच्या मैदानावर 'ब्रीडर्स कप' नावाचा घोड्यांच्या शर्यतींचा मोठा मेळा भरला होता. ४ आणि ५ नोव्हेंबर अशा दोन दिवसांत चौदा शर्यती. पुण्याच्या रेसकोर्सवर जन्मात पाऊल न टाकलेला मी, साता समुद्रांपलीकडे जाऊन कठड्याला टेकून उभा होतो. तेव्हा मी शेकोटीत एक काटकी सारली आणि सांगू लागलो.

"तेथेही दोन दानी असतात. बाहेरची मातीची आणि तिच्या आतल्या अंगाला गवताची. चौदांपैकी सात शर्यती मातीवर, सात गवतावर. मातीच्या सातही अमेरिकेच्या घोड्यांनी जिंकल्या. त्यांचा फ्लाइटलाइन नावाचा घोडा तर सर्वांत मोठ्या शर्यतीत आठ लांबींच्या अंतराने पुढे निघून गेला. आणि गवतावरच्या सातांपैकी सहा नेल्या पाहुण्यांनी. इंग्लंड-आयर्लंडच्या तबेल्यांतून विमानाने आलेल्या घोड्यांनी. अमेरिकेची लाज राखली ती कॅराव्हेल नावाच्या एका घोडीने, कमी पल्ल्याच्या शर्यतीत. आणि तिच्यावर कोणी फारसे पैसेही लावले नव्हते."

"म्हणजे बाहेरचेच भारी," चिरंजीव म्हणाले.

"गवतावर भारी," मी म्हटले. "मातीवर का नाहीत?"

त्यावर ते गप्प झाले. मग मला जेवढे ठाऊक होते तेवढे सांगितले. युरोपात घोड्यांची शर्यत म्हणजे मुख्यतः गवतावरचीच. तेथले उत्तमातले उत्तम घोडे गवतासाठीच जोपासले जातात. अमेरिकेत मानाच्या शर्यती मातीवरच्या. केंटकी डर्बी मातीवर, तिच्या पाठोपाठच्या दोन मोठ्या शर्यतीही मातीवर. साहजिकच तेथला मालक आपला हिरा मातीसाठी राखतो, आणि गवतावर बहुधा दुसऱ्या फळीतला उतरवतो. तेव्हा गवतावर गाठ पडते ती युरोपच्या पहिल्या फळीची अमेरिकेच्या दुसऱ्या फळीशी. १९५२ साली वॉशिंग्टनजवळच्या लॉरेल मैदानावर देशोदेशीचे घोडे बोलावून गवतावरची मोठी शर्यत सुरू झाली, तेव्हा पहिल्याच वर्षी इंग्लंडचा विल्विन जिंकून गेला. फ्रान्सच्या मिएस्कने १९८७ आणि १९८८ अशी लागोपाठ दोन वर्षे ब्रीडर्स कपची गवतावरची मैलाची शर्यत नेली, आणि गोल्डिकोव्हाने २००८ पासून लागोपाठ तीनदा.

"आणि तेच पाहुणे मातीवर उतरले की?" साडूंनी विचारले.

मातीवर त्यांची कथा फार वेगळी. फ्रान्सच्या आर्कांगने १९९३ साली मातीवरची सर्वांत मोठी शर्यत जिंकली खरी, पण त्याचा भाव होता एकाला एकशे तेहतीस. म्हणजे तो जिंकेल असे जवळजवळ कोणालाच वाटले नव्हते. २००१ साली इंग्लंडची डर्बी जिंकलेला गॅलिलिओ न्यूयॉर्कच्या मातीवर आला आणि सहावा राहिला. आणि गवतावरसुद्धा पाहुण्याला सगळे सोपे नसते. मोसमाच्या अखेरीला थकून आलेला घोडा, विमानाचा प्रवास, वेगळी हवा, आणि गवताची धाव आतल्या अंगाला असल्याने आवळ वळणे. तिकडचे घोडे सुरुवातीला दम राखतात आणि शेवटी जोर काढतात; अमेरिकेचे घोडे दार उघडताच सुसाट सुटतात. १९८६ साली युरोपातला पहिल्या नंबरचा डान्सिंग ब्रेव्ह कॅलिफोर्नियात येऊन गवतावरच चौथा राहिला होता.

मामाजी इतका वेळ विस्तवाकडे पाहत होते. ते म्हणाले, "म्हणजे दान कोनती, ते पाहा आधी."

"तेच," मी म्हटले.

"आपला बैल बांधीचा आहे. गुडघाभर चिखलात पाय रुतला तर उपसून पुढे टाकनारा. उंच पायाचा तिथे फसते. हा पट सुकलेल्या मातीवर होते, म्हनून पांढरा पुढे गेला. त्यात लाल्याचा काय गुन्हा?"

"बाबा, पण पट सुकलेल्या मातीवरच होते ना," चिरंजीव म्हणाले. "आणि चिखलनीला आता ट्रॅक्टर आहे. मग आपल्या बैलानं जिंकायचं कुठे?"

बोलणे खरे होते आणि ते सगळ्यांना लागले. जनावर ज्या कामासाठी घडले ते कामच उठून गेले, तर उरतो तो पट; आणि पटाला दुसऱ्याच कामासाठी घडलेले जनावर सरस ठरते. अमेरिकेच्या दुसऱ्या फळीतल्या घोड्याला निदान पुढल्या वर्षीचे गवत तरी आहे. कठाणी बैलाचा चिखल दरसाल कमी होतो आहे. दूरच्या पाहुण्यांच्या गोष्टी सांगून हा प्रश्न सुटणारा नव्हता.

पण त्या पाहुण्यांच्या गोष्टीतला एक भाग अजून सांगायचा राहिला होता, आणि पुतण्याने तो मला मोठ्या कौतुकाने सांगितला होता. गवतावर येऊन अमेरिकेला हरवणारे हे युरोपचे घोडे मुळात आले कोठून? कॅनडात १९६१ साली नॉर्दर्न डान्सर नावाचा एक घोडा जन्मला. चणीने ठेंगणाच. १९६४ साली त्याने केंटकी डर्बी मारली, म्हणजे तो मातीवरचा वीर. पुढे त्याची शिंगरे केंटकीच्या बाजारात विकायला येऊ लागली, तेव्हा आयर्लंडच्या काही चतुर मंडळींनी ती हेरली. त्यांनी पळणारे तयार घोडे घेतले नाहीत. वर्षाची शिंगरे घेतली. १९७५ साली दोन लाख डॉलरला घेतलेल्या द मिन्स्ट्रेलने १९७७ साली इंग्लंडची डर्बी जिंकून दिली. त्याच मंडळींनी अमेरिकेतच फेअरी ब्रिज नावाची एक शिंगरी लिलावात घेतली होती. ती आयर्लंडमध्ये पळाली, मग तिला नॉर्दर्न डान्सर दाखवला, आणि १९८१ साली तिच्या पोटी सॅडलर्स वेल्स जन्मला. तो आयर्लंडमध्ये राहिला आणि युरोपातल्या घोड्यांचा मूळ पुरुषच होऊन बसला. गॅलिलिओ त्याचा मुलगा. आणि कीनलँडला माझ्या डोळ्यांदेखत घोड्यांची गवतावरची शर्यत जिंकलेली ट्यूसडे ही गॅलिलिओची मुलगी! म्हणजे जी पाहुणी म्हणून आली आणि जिंकून गेली, ती नात्याने अमेरिकेचीच पणती लागत होती.

"आणि यात आपल्या मराठी घराण्याचाही एक धागा आहे," मी सांगितले. बडोद्याचे महाराज प्रतापसिंहराव गायकवाड यांनी इंग्लंडात अठ्ठावीस हजार गिनींना एक शिंगरू विकत घेतले आणि त्याला आजोबांचे नाव दिले, सयाजीराव. त्याने १९४७ साली सेंट लेजर जिंकली. महाराजांच्याच 'माय बाबू'ने १९४८ साली टू थाउजंड गिनीज नेली. पुढे माय बाबू अमेरिकेत नेला गेला. तेथे त्याला झालेल्या एका घोडीचे नाव ठेवले केरला, आणि या केरलाच्या पोटचा डमॅस्कस १९६७ साली अमेरिकेतला त्या वर्षीचा सर्वोत्तम घोडा ठरला, तोही मातीवर. गवतावर पळालेल्या पाहुण्याचा नातू मातीचा राजा झाला. पण मधे एक लेक होती, आणि ती तिथल्याच मातीत वाढली होती.

मामाजींनी बराच वेळ काही म्हटले नाही. नाटकातल्या पेटीचे सूर लांबून ऐकू येत होते. मग त्यांनी चिरंजीवांकडे न पाहता विचारले, "बालाघाटकडे कालवड काय भावानं मिळते?"

चिरंजीव चमकले. "कालवड? पटाला कालवड काय कामाची?"

"पटाच्या नाही, घरच्या कामाची. बैल आनला तर त्याचे चार पट होतील. पाय गेला का संपला. मग पुन्हा व्यापाऱ्याच्या दारात. कालवड आनली तर गोठा आपला होते. पाव्हन्यांनी सांगितलं ते आयकलं ना? त्या लोकांनी लहान जीव घेतला, घरी वाढवला."

"पाच-सहा वर्षं लागतील, बाबा."

"पट बंद होता तवा साडेसात वर्षं बसलो ना मी?"

यावर चिरंजीवांना बोलायला जागा राहिली नाही. तरी ते एवढे म्हणाले, की मग आपल्या गावरान गाईंचे काय? त्यांची जात बिघडवायची का? मामाजींनी सांगितले, की दोन्हींचे गोठे वेगळे. लाल्याची माय लाल्याच्याच जातीला लागेल आणि पांढरी पांढऱ्याला. "खिचडी करायची नाही. धानातसुद्धा हलका वेगळा, भारी वेगळा ठेवतो आपन."

मला त्या वेळी एक आठवले आणि ते मी बोलून दाखवले. वैनगंगा उगम पावते शिवनी जिल्ह्यात; बालाघाटवरून वाहत ती भंडाऱ्यात येते. गवळाऊ बैलाचा मुलूखही तोच. ज्याला आपण परका म्हणतो तो नदीच्या वरच्या अंगाचा शेजारी आहे. भोसल्यांच्या राज्यात तर दोन्ही अंगे एकाच कारभाराखाली होती. मामाजी हसले. म्हणाले, "पानी वरूनच येते जी. त्याला कोन परकं म्हनते? पन पानी अडवाले आपला तलाव पायजे."

दुसऱ्या दिवशी व्यापारी आला, चहा प्याला आणि रिकाम्या हाताने गेला. लाल्या-कबऱ्यांना त्याने भाव बरा सांगितला होता, आणि चिरंजीवांचा चेहरा दुपारपर्यंत उतरलेला होता, हेही सांगितले पाहिजे. तिशीतल्या माणसाला सहा वर्षे थांबायला सांगणे ही लहान गोष्ट नव्हे. पट जिंकणाऱ्या घराला गावात मान मिळतो. सोयरिकीला वजन येते. शेजाऱ्याच्या दारात पांढरी जोडी आणि आपल्या दारात एक कालवड, हे रोज पाहायचे असते. जाताना बापलेकांना एका पंगतीला बसलेले पाहिले, एवढेच समाधान घेऊन आम्ही निघालो.

आषाढात साडूंचा फोन आला. कालवड आली होती. फाल्गुनात चिरंजीव स्वतः जाऊन घेऊन आले होते. पण फोन वेगळ्याच गोष्टीसाठी होता. त्या वर्षी पाऊस झोडपून पडला आणि तलावाखालच्या बांध्यांत चिखल फार खोल झाला. पांढऱ्या जोडीच्या मालकाने चिखलणीला ट्रॅक्टर घातला, तो मधोमध रुतला. पांढरे बैल त्याने पंख्याखाली बांधलेले. त्यांना चिखलात कोण घालणार? शेवटी निरोप आला मामाजींकडे. लाल्या-कबऱ्यांनी दीड दिवसात तेवढी बांधी चिखलून दिली आणि रोवणी वेळेवर झाली. त्याचे पैसे मामाजींनी घेतले नाहीत. कालवड मोठी झाली, की पांढऱ्यांच्या घरातल्या वळूकडे तिला विनाशुल्क आणायची, एवढे बोलणे करून घेतले. सगळे गाव धुऱ्यावर जमले होते, असे साडू म्हणाले. आणि एका हौशी पोराने घड्याळ लावून वेळही मोजली.